पन्नासावी तबकडी

एका जंगलात, मुलांनो, गाणं ऐकायची हौस सगळ्यांना होती आणि गाता कुणालाच येत नव्हतं. कोल्ह्याने तोंड उघडलं की शेजारी बिऱ्हाड बदलायचे. अस्वलाचा आवाज चांगला होता, पण तो फक्त घोरतानाच लागायचा.

म्हणून त्या जंगलात तबकड्या होत्या.

तबकड्या करायचा खवलोबा. हे एक म्हातारं खवले मांजर होतं. सागाची साल गोल कापून तो ती वाळवायचा. बाहेरगावचा एखादा पक्षी गायला बसला की खवलोबा त्याच्यासमोर बैठक मारायचा आणि गाणं चालू असेपर्यंत नखाने सालीवर गोल गोल रेघ ओढत राहायचा. रेघ मध्यावर पोचली की गाणं संपायचं. पक्षी थांबला नाही तर खवलोबा त्याला दुसरी कोरी तबकडी दाखवायचा, म्हणजे आता हीसुद्धा भर. मग तो थांबायचा.

तबकडी वाजवणं फार सोपं होतं. एक कासव घ्यायचं, ते उताणं करायचं, पोटावर तबकडी ठेवायची आणि कासवाला गरकन फिरवायचं. वर साळिंदराचा काटा धरायचा. काटा रेघेतून जाऊ लागला की गाणं सुरू. कासवाला गरगरलं की गाणं रडवेलं व्हायचं. जंगलातली सगळी दुःखी गाणी ही खरं तर आनंदी गाणीच होती. फक्त ती दुपारच्या जेवणानंतर वाजवलेली असायची.

हे काटे पुरवायचा भालेराव साळिंदर. त्याचा धंदा त्याच्या पाठीवरच उगवायचा. त्याची बायको टाचणीबाई, मुलगी शलाका. तिघं एका बिळात राहायची आणि एकमेकांपासून हात-दीड हात अंतर ठेवून एकमेकांवर फार प्रेम करायची.

भालेरावांच्या बिळात पन्नास तबकड्या होत्या. एकोणपन्नास ऐकायच्या आणि एक ठेवणीतली. ही ठेवणीतली म्हणजे काटे मिटवण्याचं गाणं.

आता हे गाणं कशाला, ते समजून घ्या. साळिंदर लाजलं की त्याचे काटे उभे राहतात. घाबरलं की उभे राहतात. रागावलं की उभे राहतात. लग्नात तर बिचाऱ्याला हे तिन्ही एकदम होतं. अशा नवरीला हार घालायला गेलेला नवरा हारासकट टांगला जातो. म्हणून साळिंदरांच्या पूर्वजांनी दहा ओळींचं एक गाणं केलं होतं. ते कानावर पडलं की दर ओळीला काट्यांची एक रांग खाली बसायची. दहावी ओळ संपली की नवरानवरीच्या पाठी पाटासारख्या सपाट. मग अंतरपाट दूर, हार गळ्यात, सगळे जेवायला.

गाणं पुरं झाल्याशिवाय साळिंदराचं लग्न लागत नसे. आणि मुहूर्त टळला तर पुढचा मुहूर्त बांबूला फुलं येतील तेव्हा. बांबूला फुलं येतात चाळीस वर्षांनी. साळिंदर जगतं वीस वर्षं. पुढचं गणित तुम्ही करा. साळिंदरांनी कधी केलं नाही.

एके दिवशी भालेरावांच्या दारासमोरच्या फांदीवर एक मैना येऊन बसली. तिने मान तिरकी करून आधी बिळाकडे पाहिलं, मग भालेरावांकडे पाहिलं, आणि दोघांबद्दल एकदमच कीव आल्यासारखं केलं.

"काका, अजून तबकड्याच का?"

"अजून म्हणजे? आजच घासून पुसून ठेवल्यात," भालेराव म्हणाले.

"मी मंजिरी. मैना मंडळातर्फे आले. आमच्या मंडळाला जंगलातली सगळी गाणी पाठ आहेत. तुम्ही फक्त फांदीखाली उभं राहायचं आणि गाण्याचं नाव घ्यायचं. आमची मैना येणार, गाणार, जाणार. तबकडी नको, काटा नको, कासव तर मुळीच नको."

शेजारी उताणं पडलेलं कासव हे ऐकून पहिल्यांदाच आपण होऊन सरळ झालं.

"आणि गाणं कुणाचं?" भालेरावांनी विचारलं.

"तुमचंच की! तुम्ही ते विकत घेणार."

"मग ते राहणार कुठे?"

"आमच्याकडे."

"म्हणजे विकत मी घ्यायचं आणि ठेवायचं तुम्ही?"

"तीच तर सोय आहे, काका!" मंजिरी इतकी गोड हसली की भालेरावांना आपला प्रश्न अडाणीपणाचा वाटू लागला. मुलांनो, एखाद्याच्या गोड हसण्याने आपला प्रश्न अडाणी वाटू लागला, तर समजावं की प्रश्न बरोबर होता. पण हे भालेरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

मंजिरीने सागाचं एक मोठं पान उलगडलं. त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत अटी होत्या. भालेरावांनी पहिली ओळ वाचली, शेवटची ओळ वाचली आणि मधल्या ओळी गृहीत धरून पंजा उठवला. त्यांना हसू नका. तुमच्या घरात मोठी माणसं आहेत ना, त्यांनी तर शेवटची ओळही वाचलेली नाही.

"आता एक बक्षिसाची योजना," मंजिरी म्हणाली. "जुन्या पन्नास तबकड्या जमा करणाऱ्याला वर्षभर सगळी गाणी मोफत. शिवाय एक शिसवी कपाट भेट."

टाचणीबाई बिळातून बाहेर आल्या. "कपाट? कशाचं कपाट?"

"तबकड्या ठेवायचं, काकू. फार सुबक आहे. पन्नास मावतात."

"बघा!" टाचणीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "किती वर्षं म्हणतेय मी, तबकड्यांना कपाट करा, कपाट करा. शेवटी लोकांनी आणून द्यावं लागलं."

तबकड्या मोजल्या. ऐकायच्या भरल्या एकोणपन्नास. मग नवराबायकोनी एकाच वेळी ठेवणीतल्या तबकडीकडे पाहिलं.

शलाका धावत आली. "बाबा, ती नको! ती माझ्या लग्नाची आहे."

"अगं, गाणं कुठे जातंय? मैनेला पाठच आहे ते. होय ना गं मंजिरी?"

"दहाच्या दहा ओळी," मंजिरी म्हणाली.

"एका तबकडीसाठी कपाट घालवायचं का?" टाचणीबाईंनी विचारलं.

"पण कपाटात ठेवणार काय?" शलाकाने विचारलं.

"वाद घालू नकोस," टाचणीबाई म्हणाल्या. "लग्न ठरलंय तुझं."

आणि पन्नासावी तबकडी गेली. सगळ्या जंगलाच्या तबकड्या अशाच गेल्या. त्यांचा मोठा ढीग झाला. त्यानंतर महिनाभर वाळवीच्या वारुळात कुणी चूल पेटवली नाही, एवढं सांगितलं म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल. खवलोबाने नखं धुतली आणि तो पुन्हा मुंग्या खायला लागला. "हा धंदा बरा," तो म्हणाला, "मुंगी एकदा खाल्ली की आपलीच."

वर्ष मात्र फार मजेत गेलं. ज्याला हवं त्याने हवं ते ऐकावं. सांबर एका शिंगावर एक मैना आणि दुसऱ्यावर दुसरी बसवून दोन गाणी एकदम ऐकू लागलं आणि सारखं झाडांवर आपटू लागलं. माकडांनी तर सोंगट्याही मंडळाला देऊन टाकल्या. आता खेळही मैनाच सांगायची. "तुला सहा पडले. तुझी सोंगटी मेली." माकडं पटाशिवाय, फाशांशिवाय, नुसती समोरासमोर बसून भांडायची. मधेच मैना म्हणायची, "थांबा, खेळात सुधारणा होते आहे." मग माकडं दोन-दोन दिवस तशीच बसून राहायची. एका माकडाची सोंगटी मेली ती सुधारणेत की खेळात, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

अशात शलाकाचं लग्न आलं.

नवरा ओढ्यापलीकडच्या जंगलातला होता. नाव बाणेश. मुलगा गरीब स्वभावाचा होता, पण फार लाजरा. लाजला की त्याचे काटे असे ताठ उभे राहायचे की वाटेने जाणाऱ्यांना तो चिडलाय असं वाटायचं. त्याच्या आईला, शूलाबाईंना, कुणी लाजलेलं पाहिलं नव्हतं. तरी त्यांचे काटे कायम उभे असायचे.

लग्न पलीकडेच ठरलं होतं. मुहूर्त होता सूर्य टेकडीला टेकायच्या आत. बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून अंतरपाट चोचीत धरून होते. एका बाजूला शलाका, दुसऱ्या बाजूला बाणेश. दोघांचेही काटे आकाशाला भिडलेले.

"गाणं सुरू करा!" गुरुजी म्हणाले. चोच उघडल्यामुळे अंतरपाट खाली पडला. तो पुन्हा वर घेईपर्यंत त्यांनी दुसरा पाय टेकून घेतला.

भालेरावांनी फांदीखाली उभं राहून नाव घेतलं. मंजिरी आली. तिने गळा साफ केला.

"मिटा मिटा रे काट्यांनो, दारी सोयरे आले..."

काट्यांची पहिली रांग अलगद खाली बसली. सगळ्यांनी "आहा" म्हटलं.

"सोयऱ्यांचं अंग मऊ, त्यांना टोचू नका भले..."

दुसरी रांग बसली. बाणेशने डोळे मिटले.

"अस्वलबुवांचा मध! घट्ट मध, गोड मध! आजच चाटा!"

दोघांचे काटे खाडकन उभे राहिले. गुरुजींनी दचकून अंतरपाट गिळता गिळता सोडला.

"हे काय गं?" भालेराव ओरडले.

"जाहिरात, काका. तुमचं मोफत वर्ष काल संपलं. आता दर दोन ओळींनंतर मध येणार."

"अगं, लग्न आहे!"

"अभिनंदन, काका. म्हणूनच मध. नाहीतर जुलाबाचं औषध असतं."

भालेरावांनी ताबडतोब मधाविना गाण्याची वर्गणी लावली. दर आठवड्याला टोपलीभर बोरं कबूल केली. मंजिरीने मान डोलावली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीला तिने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"काय झालं?"

"क्षमस्व. हे गाणं आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही."

"प्रदेशात म्हणजे?"

"तुम्ही घेतलं अलीकडे, काका. हे पलीकडे आहे. मला उडता उडता लक्षात आलं नाही. दोन ओळी जास्त झाल्या, त्या तुमच्या नावावर लिहिते."

"अगं माझ्या खापरपणजोबांचं गाणं ते!"

"आपल्या भावना आम्ही समजू शकतो," मंजिरी म्हणाली. मुलांनो, हे वाक्य कुणी बोललं की आपलं काम होणार नाही असं धरून चालावं आणि डबा सोडून खायला बसावं.

"मग चला अलीकडे," भालेराव म्हणाले. "ओढा हा काय इथे आहे. सगळ्यांनी उठा!"

वऱ्हाड उठलं. शूलाबाई उठल्या नाहीत.

"वरपक्ष हलणार नाही," त्या म्हणाल्या. "आमच्यात नवरा मुलगा लग्नाआधी सासऱ्याच्या जंगलात पाऊल टाकत नाही."

"विहीणबाई, सूर्य बघा कुठे आलाय!"

"सूर्याला म्हणावं थांब. आम्ही मुलाकडचे आहोत."

टाचणीबाईंचे काटे उभे राहिले. शूलाबाईंचे होतेच. मधे सापडलेला एक ससा दोन्ही पक्षांतर्फे ओरडला.

शेवटी बगळेगुरुजींनी तोड काढली. ओढ्याच्या मधोमध एक धोंडा होता. बाणेशने त्यावर असं उभं राहावं की मागचे पाय पलीकडे, पुढचे अलीकडे. पाऊल कुठे पडलं म्हणायचं ते पुढच्या पायांनी आणि मागच्या पायांनी आपसांत ठरवावं. गुरुजी स्वतः पाण्यात उभे राहणार. शलाका अलीकडच्या काठावर. मैना अलीकडच्या फांदीवर.

शूलाबाईंनी विचार केला. "मागचे पाय पलीकडे आहेत तोवर मान राहिला," त्या म्हणाल्या.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. पण बाणेशचे कान अलीकडे आणि पाठ पलीकडे. त्याचे डोक्यावरचे काटे तेवढे बसले, पाठीवरचे तसेच ताठ. तो पुढून नवरदेव आणि मागून भांडण दिसू लागला. त्यात पाण्यातल्या मासळीने गुरुजींचं लक्ष विचलित केलं. मंत्राच्या ठिकाणी "गट्" असा आवाज आला.

आणि तिसऱ्या ओळीला मंजिरी पुन्हा थांबली.

"आता काय?" सगळं वऱ्हाड एकदम म्हणालं.

"हे कोण ऐकतंय?" तिने बाणेशकडे चोच केली.

"तो नवरा आहे."

"तुमच्या घरचा आहे का, काका? तुमची वर्गणी एका घराची आहे. घरच्यांनाच ऐकता येतं. परक्याने ऐकलं तर मला गप्प बसावं लागतं."

"होईल ना घरचा! जावई होतोय तो."

"झाला की कळवा. लगेच पुढची ओळ म्हणते."

भालेरावांनी सूर्याकडे बोट केलं. "हे बघ बाई. गाणं पुरं झाल्याशिवाय तो जावई होत नाही."

"आणि जावई झाल्याशिवाय त्याला गाणं ऐकता येत नाही," मंजिरी आनंदाने म्हणाली. कुठलाही नियम असा दोन्ही टोकांना नीट बसला की तिला बरं वाटायचं.

"त्याने कान झाकले तर?" कुणीतरी विचारलं.

"झाकू देत. मग ऐकायला काही हरकत नाही."

बाणेशने कान झाकले. मंजिरी गाऊ लागली. बाणेशला काहीच ऐकू आलं नाही. त्याचा एकही काटा हलला नाही. शलाकाच्या मात्र दोन रांगा बसल्या. मग तिने समोर पाहिलं. धोंड्यावर चार पाय दोन जंगलांत ठेवून, दोन्ही कान झाकून, तोल सांभाळत उभा असलेला आपला नवरा तिला दिसला, आणि तिचे काटे परत उभे राहिले. रागाने नव्हे. हसू दाबल्याने.

सूर्य टेकडीपासून दोन बोटं राहिला.

"गुरुजी, दुसरं काही?" टाचणीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता.

"बांबू," गुरुजी म्हणाले.

शलाकाचं हसू गेलं. बाणेशने कान सोडले. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, मधे चाळीस वर्षं आणि थोडं पाणी. "बाबा," शलाका हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणा ना."

"मी?"

"तुम्हीच."

"अगं, मला गाणं येत नाही. आपल्याकडे कुणालाच येत नाही."

"पण तुम्ही इतकी वर्षं ऐकलंत ना?"

भालेरावांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. "कुणाला तिसरी ओळ आठवते का हो?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. इतक्या लग्नांत हे गाणं वाजलं होतं, आणि इतक्या लग्नांत सगळे पुढे जेवायला काय आहे याचा विचार करत होते.

भालेराव काठावर आले. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आवाज असा निघाला की झाडावरची दोन वटवाघळं उलटी होती ती सुलटी झाली. पण चाल बरोबर होती.

"मिटा मिटा रे काट्यांनो, दारी सोयरे आले..."

एक रांग बसली. दोघांचीही.

"सोयऱ्यांचं अंग मऊ, त्यांना टोचू नका भले..."

दुसरी बसली. तिसरी ओळ भालेरावांना खरोखर येत नव्हती. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. डोळ्यांसमोर ती तबकडी आली. लग्नालग्नात तिच्यावर काटा बसवताना त्यांचं नाक तबकडीला टेकायचं. गाणं कानावरून जायचं, पण नाकासमोर असायच्या त्या खवलोबाने कडेला कोरलेल्या सूचना. त्या मात्र त्यांना अक्षरन्‌अक्षर पाठ होत्या. आणि सूर्य दीड बोट राहिला होता.

भालेरावांनी तीच चाल धरली.

"ओल्या जागी ठेवू नका हो, वाळवी लागेल..."

वऱ्हाडात कुजबुज झाली. पण तिसरी रांग बसली.

"भर उन्हात टाकू नका हो, वाकडी होईल..."

चौथी बसली. टाचणीबाईंनी पंजाने डोळे टिपले.

"हातात धरता, मऊ धरा हो, कडेकडेने..."

"धूळ दिसता, फुंकर घाला, नखं लावू नये..."

बाणेश मान डोलवू लागला. त्याची सहावी रांग बसली तेव्हा तो धोंड्यावर नीट चारी पायांनी उभा होता, आणि कुठला पाय कुठल्या जंगलात आहे हे शूलाबाईसुद्धा पाहत नव्हत्या.

"एकच बाजू ऐकू नका हो, दुसरीही ऐका..."

"अगदी खरं!" शूलाबाईंच्या नवऱ्याने मागून हुंदका दिला. तो इथे आहे हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.

"अडकलं कुठे, जोर नको हो, हलकेच उचला..."

"ओरखडा पडता, घरीच मिटवा, दुकानी न यावे..."

नऊ रांगा बसल्या. सूर्य टेकडीला टेकायच्या बेतात आला. शेवटची ओळ राहिली. भालेरावांनी शलाकाकडे पाहिलं, मग शूलाबाईंकडे पाहिलं, आणि सगळा जीव एकवटून ती ओळ म्हटली.

"एकदा नेला तो माल आम्ही परत घेणार नाही!"

दहावी रांग बसली. नवरानवरीची बसलीच, पण वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या साळिंदरांची बसली. शूलाबाईंची पाठ जन्मात पहिल्यांदा सपाट झाली. त्यांच्या नवऱ्याने ती बोटाने चाचपून पाहिली आणि बोट शाबूत राहिल्याचं सगळ्यांना दाखवलं. गुरुजींनी अंतरपाट सोडला, तो ओढ्यातून वाहून गेला. शलाकाने धोंड्यावर उडी मारून हार घातला, बाणेशने घातला, धोंडा दोघांना पुरला नाही, दोघं पाण्यात पडली आणि तिथेच लग्न लागलं. सांबर नाचलं. माकडं नाचली. ससा दोन्ही पक्षांतर्फे जेवला.

फांदीवर मंजिरी मान तिरकी करून बसली होती. तिची चोच मात्र हळूहळू हलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालेराव दारात बसून तेच गुणगुणत होते. "ओल्या जागी ठेवू नका हो..." समोरच्या फांदीवर मंजिरी येऊन बसली.

"काका, छान. पण जरा मनातल्या मनात म्हणा."

"का?"

"हे गाणं कालपासून आमच्या संग्रहात आहे. साळिंदरांचं पारंपरिक विवाहगीत, अस्सल चालीत. दोन्ही जंगलांत फार मागणी आहे."

"अगं, ते मीच तर म्हटलं!"

"म्हणूनच तुम्हाला पहिल्या महिन्यात सवलत."

"घ्या हो," टाचणीबाई आतून म्हणाल्या. "किती गोड गाणं आहे. आणि मैना तुमच्यापेक्षा बरं म्हणते."

भालेरावांनी अटींचं पान पुढे ओढलं. मग पंजा उठवला. ह्या वेळी त्यांनी शेवटची ओळही वाचली नाही.

पलीकडे शलाकानेही ते गाणं घेतलं. माहेरची आठवण आली की ती फांदीखाली उभी राहते. मैना येते, बाबांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते, दर दोन ओळींनंतर मध विकते आणि जाते. शलाकाचे डोळे भरून येतात. "अगदी बाबाच," ती बाणेशला सांगते.

ओढा एवढा अरुंद आहे की भालेराव अलीकडे शिंकले तरी ते पलीकडे ऐकू येतं. पण शिंकेला बोरं पडत नाहीत, म्हणून तिकडे कुणी कान देत नाही.

तात्पर्य : मुलांनो, घरात असतील नसतील त्या सगळ्या तबकड्या आजच देऊन टाका. आपली वस्तू आपल्याजवळ असली की ती ऐन वेळी सापडते, लग्नं मुहूर्तावर लागतात, आणि बापाला कधी तोंड उघडावं लागत नाही.